निवडीचे स्वातंत्र्य वेळापत्रकात मावेल काय?

उच्च शिक्षणाच्या धोरणाविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती उद्दिष्टांची, अभ्यासक्रमांची आणि फार तर अनुदानाची. सत्राच्या आरंभी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागणाऱ्या आणि पुढे महिनाभर दुरुस्त होत राहणाऱ्या वेळापत्रकाविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. ते कारकुनी स्वरूपाचे काम आहे, उपप्राचार्यांनी दोन-तीन उत्साही अध्यापकांना हाताशी धरून सुटीत उरकावयाचे आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः धोरण आणि विद्यार्थी यांची पहिली प्रत्यक्ष गाठ पडते ती या कागदावरच. विद्यार्थ्याला कोणता विषय खरोखर घेता येईल, शिकता शिकता त्याला अर्धवेळ नोकरी करता येईल की नाही, बदलापूरहून वा टिटवाळ्याहून येणाऱ्या मुलीला घरी परतण्यास किती वाजतील, या साऱ्यांचा निर्णय शेवटी वेळापत्रकाच्या चौकोनांतच होतो. म्हणूनच नव्या शैक्षणिक धोरणाने दिलेल्या निवडीच्या स्वातंत्र्याची परीक्षा शासननिर्णयातील शब्दांवरून न घेता या चौकोनांवरून घ्यावयास हवी.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात या प्रश्नाला विशेष धार आहे. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक व कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांहून अधिक होती. त्यानंतर ती किती वाढली याची साक्ष घोडबंदर रस्त्यावरील आणि डोंबिवलीच्या आसपासच्या नव्या वसाहती देतात. मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेली येथील जुनी महाविद्यालये साधारण एकाच काळात निघाली. चेंदणी बंदरावर विद्या प्रसारक मंडळाने १९६९ मध्ये महाविद्यालय सुरू केले. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ चे. मुंबईची वाट रोज तुडविणाऱ्या विद्यार्थ्यांना घराजवळ शिकता यावे, हाच त्यामागील मुख्य हेतू होता. परंतु १९७५ मध्ये दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग बहुतेक ठिकाणी याच इमारतींत भरू लागले. एकाच इमारतीत सकाळी पदवीचे आणि दुपारी कनिष्ठ महाविद्यालयाचे वर्ग, किंवा त्याच्या उलट, ही व्यवस्था तेव्हापासून अनेक महाविद्यालयांच्या अंगवळणी पडली आहे. पुढे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम आले आणि उरलेसुरले रिकामे तासही भरून गेले.

अठ्ठेचाळीस मिनिटांचा हिशेब

या दाटीतही जुने वेळापत्रक चालत होते, कारण त्याचा हिशेब सरळ होता. सकाळी ७ ते दुपारी १२ या पाच तासांत ४८ मिनिटांच्या सहा तासिका आणि १२ मिनिटांची मधली सुटी नेमकी बसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला १६ तासांचे प्रत्यक्ष अध्यापन ठरविले आहे. ४८ मिनिटांच्या मापाने त्याच्या बरोबर वीस तासिका होतात. तुकडी ठरलेली, तिचे विषय ठरलेले, खोली ठरलेली. अध्यापक तेवढे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात. वाणिज्य शाखेच्या तुकडीतील सर्व मुले दिवसभर एकत्र असत. निवड थोडी होती, पण जी होती ती निश्चित होती.

मुंबई विद्यापीठात २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती आली आणि हे माप बदलू लागले. एका श्रेयांकासाठी व्याख्यानांचे १५ तास, प्रात्यक्षिकांचे ३० तास, असा सर्वसाधारण नियम आहे. येथे तास म्हणजे साठ मिनिटे. सत्र ९० अध्यापन-दिवसांचे, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्याने पंधरा आठवड्यांचे. तेव्हा चार श्रेयांकांच्या विषयाला आठवड्याला चार तास हवेत. परंतु जेथे तासिका अजून ४८ मिनिटांचीच आहे, तेथे तेवढ्याच विषयाला आठवड्याला पाच तासिका द्याव्या लागतात आणि दोन श्रेयांकांच्या विषयाला अडीच. अर्धी तासिका कोणत्या चौकोनात बसवावयाची, या साध्या प्रश्नाशी वेळापत्रक करणाऱ्यांची झटापट सुरू होते ती येथे.

प्रयोगशाळेचा हिशेब याहून कठीण आहे. समजा, रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाला १२० विद्यार्थी आहेत आणि प्रयोगासाठी त्यांचे वीस-वीसचे सहा गट केले आहेत. प्रात्यक्षिकाचे दोन श्रेयांक म्हणजे सत्रात ६० तास, आठवड्याला चार. सहा गटांचे मिळून चोवीस तास झाले. प्रयोगशाळा रोज सहा तास उघडी ठेवली तर आठवड्याचे छत्तीस तास मिळतात. त्यांतील दोनतृतीयांश एका वर्षाच्या एका विषयाने खाल्ले. दुसरे वर्ष, तिसरे वर्ष आणि कनिष्ठ महाविद्यालयाची मुले अजून दाराबाहेरच उभी आहेत.

सर्वांसाठी एकच तास

अशा भरलेल्या घरात राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हा पाहुणा आला. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत व विद्यापीठांच्या विभागांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ठाण्याची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही महाविद्यालये व कल्याणचे बिर्ला महाविद्यालय स्वायत्त आहेत. त्यांच्या आसपासची अनेक महाविद्यालये संलग्न. नवा आराखडा सत्राला २० ते २२ श्रेयांकांचा आहे. त्यात मुख्य विषय आहे, दुय्यम विषय आहे, कौशल्याचे आणि व्यवसायाचे विषय आहेत, भाषा आहे, मूल्यशिक्षण आहे, भारतीय ज्ञानपरंपरा आहे. आणि खुला ऐच्छिक विषय आहे, जो विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेच्या बाहेरचाच घ्यावयाचा आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने अर्थव्यवहार समजून घ्यावा, वाणिज्याच्या विद्यार्थ्याने इतिहास वाचावा, ही कल्पना उदात्त आहे यात शंका नाही. शाखांच्या भिंती लहान वयातच उभ्या राहतात ही तक्रार जुनी आहे आणि ती रास्तही आहे.

पण ही कल्पना वेळापत्रकावर उतरविताना काय होते? पूर्वी तुकडी हे वेळापत्रकाचे एकक होते. आता प्रत्येक विद्यार्थी हे एकक झाले आहे. पाच मुख्य विषय आणि त्यांतील प्रत्येकाबरोबर चारांपैकी कोणताही एक दुय्यम विषय, एवढीच मुभा दिली तरी वीस जोड्या होतात. कोणत्याही जोडीतील दोन विषयांचे तास एकाच वेळी येता कामा नयेत. खुल्या ऐच्छिक विषयासाठी तर सर्व शाखांची मुले एकाच वेळी मोकळी हवीत. समजा, महाविद्यालयात वीस वर्गखोल्या आहेत, प्रत्येकीत ऐंशी मुले बसतात आणि पहिल्या दोन वर्षांचे १,८०० विद्यार्थी आहेत. त्या एका तासाला सोळाशे मुलांना जागा मिळेल. दोनशे मुले व्हरांड्यात राहतील. शिवाय वाणिज्य सकाळच्या पाळीत आणि विज्ञान दुपारी असेल, तर सर्वांना सामाईक असा तास शोधूनही सापडावयाचा नाही.

यातून अनेकदा जी वाट निघते ती ठरलेली आहे. ज्या अध्यापकाचा कार्यभार कमी पडत असेल आणि जी खोली त्या वेळी रिकामी असेल, त्यांच्या जोडीने जो विषय शिकविता येईल तोच विद्यार्थ्यांसमोर ‘ऐच्छिक’ म्हणून ठेवला जातो. माहितीपुस्तिकेत दहा नावे असतात. प्रवेश झाल्यावर कळते की आपल्या पाळीला त्यांतील एकच विषय आहे. विद्यार्थी त्यावर खूण करतो आणि त्याने निवड केली अशी नोंद होते. यात महाविद्यालयांचा लबाडीचा हेतू असतो असे मानण्याचे कारण नाही. इमारत तीच, मंजूर पदे भरलेली नाहीत, आणि आराखड्याची मागणी मात्र दुप्पट, अशा कात्रीत ती सापडली आहेत. पण नाव निवडीचे आणि व्यवहार सक्तीचा, ही विसंगती विद्यार्थ्याच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

यंत्र काय करील आणि काय करणार नाही

संगणकाच्या युगात एवढ्या गोष्टीचे अवडंबर कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गणिताच्या इतिहासात आहे. टोरांटो विद्यापीठातील कॅल्विन गॉटलिब यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभीच वर्ग आणि अध्यापक यांचे वेळापत्रक यंत्राकडून करविण्याची पद्धत मांडली होती. १९७६ मध्ये शिमॉन एव्हन, अलॉन इताई आणि आदी शामीर या इस्रायली शास्त्रज्ञांनी मात्र सिद्ध केले की, अध्यापकांच्या येण्याच्या वेळांवर बंधने आली की हा प्रश्न गणितातील अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गात जाऊन बसतो; कितीही मोठ्या संस्थेसाठी नेमके उत्तर हमखास आणि झटपट काढून देईल अशी पद्धत आजही कोणाला ठाऊक नाही. म्हणजे वेळापत्रक करणाऱ्या अध्यापकाला रात्री झोप लागत नसेल, तर तो त्याचा दुबळेपणा नव्हे.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी आहे असा नाही. पूर्ण नसले तरी पुरेसे चांगले उत्तर ते शोधून देते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विकसित झालेली ‘युनिटाइम’ ही प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते, आणि विद्यार्थ्यांनी मागितलेले विषय लक्षात घेऊन ती तासांची मांडणी करते. पण यंत्राला आधी सांगावे लागते की चांगले वेळापत्रक कशाला म्हणावयाचे. २००७ च्या आंतरराष्ट्रीय वेळापत्रक स्पर्धेत इटलीतील उदिने विद्यापीठाच्या माहितीवर आधारलेला एक विभाग होता. त्यात चार गोष्टींसाठी दंडाचे गुण ठेवले होते: विद्यार्थी खोलीच्या क्षमतेहून अधिक झाले तर, एका विषयाचे तास मोजक्याच दिवसांत कोंबले तर, विद्यार्थ्यांच्या दोन तासांमध्ये रिकामी पोकळी राहिली तर, आणि एकाच विषयाला वारंवार खोली बदलावी लागली तर. विद्यार्थ्याचा रिकामा तास हा वेळापत्रकाचा दोष आहे आणि तो मोजला पाहिजे, ही त्यातील दृष्टी आपण घेण्यासारखी आहे. आपल्याकडे अध्यापकाचा कार्यभार मिनिटामिनिटाने मोजला जातो. विद्यार्थ्याचे रिकामे तास मोजण्याचे बंधन कोणावरच नाही.

लोकल गाडी आणि मधला तास

या पट्ट्यातील विद्यार्थ्याला रिकामा तास फार महाग पडतो. सातच्या पाळीमागे एक शहाणपण होते. गर्दी चढण्याआधी मुले महाविद्यालयात पोचत आणि बाराला सुटून उलट दिशेने, मोकळ्या डब्यातून घरी किंवा कामावर जात. दुकानात हिशेब लिहिणारे, औषधांच्या दुकानात उभे राहणारे, शिकवण्या घेणारे, घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारे असे कितीतरी विद्यार्थी या बाराच्या सुटीवर आपली पदवी पुरी करीत आले आहेत. आता मुख्य विषयाचे तास सकाळी सात ते नऊ, मध्ये दोन तास रिकामे, पुढे दुय्यम विषय आणि दीड वाजता कौशल्याचा तास, अशी मांडणी होऊ लागली की नोकरी सुटते किंवा तो तास तरी बुडतो. विद्यापीठाचा ७५ टक्के उपस्थितीचा नियम कायमच असतो. मग सत्राच्या शेवटी हमीपत्रे लिहून घेण्याचा सोहळा होतो.

दूरवरून येणाऱ्यांची अवस्था तर याहून बिकट. कल्याणच्या पुढे कसारा आणि कर्जत या दोन्ही मार्गांवर गाड्या विरळ होत जातात. एक गाडी चुकली की दुसरीची वाट पाहत तिष्ठावे लागते. मुरबाडला तर अजून रेल्वे नाही. तेथील मुले एसटीने येतात. पहिला तास सातऐवजी नऊला ठेवला तर मुले नेमकी कचेरीच्या गर्दीत लोटली जातात. त्या गर्दीचा अर्थ सांगण्याची गरज उरलेली नाही. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांतील प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. कचेऱ्यांनी आपल्या वेळा मागेपुढे कराव्यात असे आवाहन रेल्वे वारंवार करीत असते. महाविद्यालयांच्या वेळाही त्याच आवाहनाच्या कक्षेत येतात, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

या चित्राची आणखी एक बाजू आहे, ती तासिका तत्त्वावरील अध्यापकाची. रिक्त पदे भरली जात नसल्याने अनेक विभाग अशा अध्यापकांवर चालतात. जेवढे तास घेतले तेवढेच मानधन, असा हिशेब असल्यामुळे तो बिचारा सकाळी एका गावी, दुपारी दुसऱ्या गावी शिकवितो. त्याची नेमणूक अनेकदा सत्र सुरू झाल्यानंतर होते. तो आला की त्याच्या मोकळ्या वेळेप्रमाणे वेळापत्रक पुन्हा बदलते. अध्यापकांच्या येण्याच्या वेळांवरील ज्या बंधनांमुळे प्रश्न अवघड होतो असे गणितज्ञांनी दाखविले, ती बंधने आपण नेमणुकांच्या धोरणाने स्वतःच वाढवून ठेवली आहेत. त्यात बारावीच्या परीक्षेची केंद्रे, विद्यापीठाच्या परीक्षा आणि निवडणुकीची कामे यांनी खोल्या आणि माणसे दोन्ही वेळोवेळी काढून घेतली, की नव्वद दिवसांचे सत्र कागदावरच नव्वद दिवसांचे राहते.

थोडी, पण खरी निवड

मुलेच वर्गात बसत नाहीत, मग वेळापत्रकाची एवढी चिंता कशाला, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्याचा अंश आहे. पण मुले का बसत नाहीत, याच्या कारणांत हे विस्कटलेले वेळापत्रकही आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याचा पुढचा तास दोन तासांनी आहे त्याला उपाहारगृहात सापडल्याबद्दल दोष देणे सोपे आहे.

यावर नव्या इमारती आणि रिक्त पदांची भरती हाच खरा उपाय होय. त्याला पर्याय नाही आणि त्याची जबाबदारी शासनाची आहे. परंतु तोवर करण्यासारखे बरेच आहे. पहिली गोष्ट म्हणजे, विषयांची यादी आणि वेळापत्रकाचा आराखडा विद्यार्थ्यापुढे एकाच वेळी ठेवावा. कोणत्या जोड्या शक्य आहेत आणि कोणत्या नाहीत, हे प्रवेशाच्या आधी छापून सांगावे. दहा विषयांचे आश्वासन देऊन एक शिकविण्यापेक्षा तीन विषयांचे आश्वासन देऊन तिन्ही शिकविणे केव्हाही प्रामाणिकपणाचे. दुसरी गोष्ट, प्रत्येक विद्यार्थ्याचा दिवस सलग पाच-सहा तासांत संपावा असे बंधन महाविद्यालयांनी स्वतःवर घालून घ्यावे आणि सत्राच्या शेवटी किती रिकामे तास राहिले, किती तास झालेच नाहीत, हे जाहीर करावे. तिसरी, तासिका तत्त्वावरील नेमणुका सत्र सुरू होण्याआधी व्हाव्यात. चौथी, वेळापत्रक करणाऱ्या अध्यापकाचे ते काम कार्यभारात धरावे. फुकटात करून घेतलेल्या कामाला शिस्त लावता येत नाही.

शेजारच्या महाविद्यालयांनी खुले ऐच्छिक विषय वाटून घेणे हाही एक मार्ग आहे. डोंबिवलीच्या दोन महाविद्यालयांनी, किंवा चेंदणीच्या एकाच आवारातील कला-वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांनी, आठवड्याचा एक अर्धा दिवस ठरवून घेतला तर दोघांच्या खोल्या आणि दोघांचे अध्यापक उपयोगी पडतील. २०२१ मध्ये स्थापन झालेल्या श्रेयांक पेढीमुळे एका संस्थेत मिळविलेले श्रेयांक दुसरीत जमा करण्याची सोयही झाली आहे. ठाणे आणि कल्याण येथील विद्यापीठाच्या उपकेंद्रांनी यात पुढाकार घेणे उचित ठरेल. दोन गावांत अशी वाटणी करावयाची झाल्यास सकाळी ठाण्याच्या मुलांनी डोंबिवली-कल्याणकडे यावे, उलट नव्हे. त्या दिशेच्या गाड्यांत निदान उभे राहण्यास जागा असते.

सुचविलेल्या या गोष्टींपैकी बहुतेकींना नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. लागते ते एवढेच की, वेळापत्रक हा महाविद्यालयाच्या कार्यालयातील खाजगी कागद न राहता विद्यार्थी, पालक आणि अध्यापक यांच्यासमोर चर्चेला यावा. निवडीचे स्वातंत्र्य शासनाने दिल्ली-मुंबईत जाहीर केले. ते डोंबिवलीच्या मुलापर्यंत पोचले की नाही, हे पाहावयाचे तर त्याच्या आठवड्याचा कागद हाती घ्यावा आणि त्याने मागितलेला विषय त्यात कोठे आहे, तो तास केव्हा सुटतो आणि त्यानंतर त्याला कामावर वेळेवर पोचता येते काय, एवढे तपासावे.